होतकरू

माझी मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला डडली नावाचं जुनं, कोळशाच्या खाणींचं आणि लोखंडाच्या भट्ट्यांचं गाव आहे, तिथून जवळच ती राहते. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने होतो. पहिल्या रविवारी तिनं विचारलं, "बाबा, किल्ला बघायचा का आज? वर प्राण्यांची बाग पण आहे." मी म्हटलं, "किल्ला नंतर. मला आधी प्रायरी वसाहतीतल्या चर्चमध्ये ने." ती बघतच राहिली. आमचं घर माळकरी. माझे वडील आषाढीला पायी जायचे, मी रोज सकाळी ज्ञानेश्वरीची पाच ओव्यांची का होईना पण बैठक मोडत नाही. अशा माणसाला चर्चमध्ये काय काम?

काम होतं. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पीटीचा मास्तर होतो आणि त्यातली बावीस वर्षं संध्याकाळी पेठेतल्या एका तालमीच्या पोरांना फुटबॉल शिकवला. त्या पोरांना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो, डंकन एडवर्ड्स या इंग्लिश फुटबॉलपटूची. ती मी वाचलेली होती, पाहिलेली नव्हती. त्याचं घर त्या प्रायरी वसाहतीत होतं आणि तिथल्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची रंगीत काचेची खिडकी आहे. 1961 मध्ये मॅट बस्बी यांनी तिचं अनावरण केलं. बस्बी म्हणजे मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक, ज्यांनी या पोराला सोळाव्या वर्षी पहिल्या संघात उतरवलं.

चर्चमध्ये संतांच्या जागी फुटबॉल खेळणारा पोरगा, याचं मुलीला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या तालमीत मारुतीच्या शेजारी भिंतीवर गेलेल्या पैलवानांचे फोटो आहेत. शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस जाता जाता त्या फोटोंनाही हात जोडतो. ज्या अंगानं मेहनत केली, त्या अंगाला देवाच्या खोलीत जागा आहे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

खिडकीसमोरच्या बाकावर मी बराच वेळ बसलो. बाहेर त्यांचा तो बारीक, न थांबणारा पाऊस होता. कोल्हापुरातून जो प्रश्न मनात घेऊन आलो होतो, तो तिथं पुन्हा वर आला. तोच इथं मांडतो आहे.

आधी त्या पोराबद्दल. 1 ऑक्टोबर 1936 चा जन्म. शाळेत असताना तो मॉरिस नाच करायचा. आमच्याकडे लेझीम, तसा त्यांचा हा रुमाल आणि घुंगरांचा पारंपरिक नाच. एकदा नाचाची राष्ट्रीय स्पर्धा आणि शाळकरी फुटबॉलची निवड चाचणी एकाच दिवशी आली, तेव्हा तो चाचणीला गेला. (लेझीम बसवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, नाचणाऱ्या पोराचे पाय चेंडूवर कधी अवघडत नाहीत.) घरापासून हाकेच्या अंतरावर वुल्व्हरहॅम्प्टनचा नामांकित क्लब असताना त्यानं मँचेस्टर निवडलं. 4 एप्रिल 1953 ला कार्डिफ सिटीविरुद्ध तो पहिल्यांदा मोठ्या संघात खेळला. वय 16 वर्षं 185 दिवस. युनायटेड घरच्या मैदानावर 4-1 असा हरला.

पुढच्या मोसमात हेन्री कॉकबर्न हा मुरलेला हाफ जखमी झाला, आणि त्याच्या जागी 31 ऑक्टोबरला हडर्सफील्डच्या मैदानावर डंकन उतरला. त्यानंतर ती जागा त्याची झाली. तेव्हा ज्याला हाफ म्हणत, त्याला आज आपण मिडफिल्डर म्हणतो. मागून चेंडू काढून पुढं नेणारा, दोन्हीकडचं ओझं अंगावर घेणारा. आमच्या पेठेत अजूनही 'हाफला कोण हाय रं आज?' असंच विचारतात. त्या मोसमात तो लीगचे 24 सामने खेळला. 2 एप्रिल 1955 ला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला, तेव्हा 18 वर्षं 183 दिवसांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या लहान वयात इंग्लंडकडून कुणी खेळलं नव्हतं. हा विक्रम 1998 मध्ये मायकेल ओवेननं मोडला. दोनदा लीगचं विजेतेपद, इंग्लंडकडून 18 सामने, युनायटेडकडून 177.

6 फेब्रुवारी 1958 ला बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या विमानतळावर, बर्फाचा चिखल झालेल्या धावपट्टीवरून तिसऱ्यांदा उडायचा प्रयत्न करताना संघाचं विमान कोसळलं. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. डंकन पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि 21 फेब्रुवारीला गेला. वय एकवीस.

या मुलाबद्दल जो कुणी लिहितो, तो पुढं एक वाक्य लिहितोच. हा जगला असता तर. 1966 मध्ये इंग्लंडनं विश्वचषक जिंकला तेव्हा हा 29 वर्षांचा असता, ऐन भरातला. कप्तान बॉबी मूर झाला असता की हा? हे सगळं मीही पोरांना सांगायचो. गोष्टीचा शेवट मी त्या 'असता'वरच करायचो, आणि पोरं हळहळायची. आता वाटतं, माझी चूक तिथंच होती.

मराठीत आपल्याकडे एक शब्द आहे, होतकरू. पोरगं चांगलं खेळलं, चांगलं गायलं, गणितात हुशार निघालं, की आपण लगेच म्हणतो, होतकरू आहे. शब्द कौतुकाचाच आहे. पण तो कान देऊन ऐकला, तर त्यात पोराचं आजचं काहीच नाही. सगळं 'होणं' पुढं आहे. आज त्यानं तीन माणसांमधून चेंडू काढून अलगद पास दिला, ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला त्या पासात पाच वर्षांनंतरचा खेळाडू दिसतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पाळण्यातल्या पायांकडे पाहून आपण त्यांच्या चालीचं भाकीत करतो, आणि ते पाय नुसतेच किती गोजिरवाणे आहेत हे पाहायचं राहून जातं. मग पुढं तो खेळाडू झाला नाही, तर आपण दुसरा शब्द काढतो. वाया गेला.

हा शब्द मी एका पोराला त्याच्या तोंडावर बोललो आहे.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याचा बाप रंकाळ्याच्या बाजूला भेळेची गाडी लावायचा. पोरगं सातवीत माझ्याकडे आलं. अंगानं काडी, पण मान सतत फिरती. चेंडू पायात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघायची सवय त्याला कुणी लावली नव्हती, ती तो घेऊनच आला होता. हाफला खेळणाऱ्याला ही एक गोष्ट असली की निम्मं शिक्षण झालं. बाकीचं निम्मं मी दिलं: पहाटे साडेपाचला मैदान, भिंतीवर डाव्या पायाचे शंभर आणि उजव्या पायाचे शंभर, पावसाळ्यात चिखलात चेंडू दाबून ठेवायची कला. तो सतरा वर्षांचा असताना तालमीच्या मोठ्या संघाच्या हाफला ऐन सामन्याच्या सकाळी ताप भरला. मी कप्तानाला म्हटलं, पोराला घाल.

शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना म्हणजे काय असतं, ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. दुपारी चारचा सामना असला तर दोनपासून माणसं दगडी पायऱ्यांवर जागा धरतात, आणि कुठल्या पेठेची माणसं कुठं बसतात ते ठरलेलं असतं. समोरच्या बाजूनं एक हलगी वाजली की आपल्या बाजूनं दोन वाजतात. त्या आवाजात हे पोरगं आठ नंबरचा बनियन घालून उतरलं. बनियन ढगळ होता, त्यानं तो चड्डीत खोचला होता. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा आडवा पडला. अकराव्या मिनिटाला चेंडू घेऊन वळला आणि समोरचा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा गडी नुसता उभा राहिला. त्याला कळलंच नाही, पोरगं कुठून गेलं. आमच्या बाजूचा सगळा स्टँड एकदम गप्प झाला आणि मग उठला. सामना 1-1 सुटला. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या पैलवानानं माझा दंड धरला. म्हणाला, "मास्तर, ह्ये पोरगं लई पुढं जाणार बघा."

त्या मोसमात तो सहा सामने खेळला. सहाव्या सामन्यात कुणाचा धक्का नाही, काही नाही, वळताना पाय तिथंच राहिला आणि गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. शस्त्रक्रिया उशिरा झाली. पैसे गोळा व्हायला वेळ लागला. गुडघा चालण्यापुरता बरा झाला, खेळण्यापुरता नाही.

चार-पाच वर्षांनी एका लग्नात भेटला. आता शिरोलीत एका फौंड्रीत कामाला आहे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या माणसाला म्हटलं, "हा बघा, काय पोरगं होतं! गुडघ्यापायी वाया गेलं." माझ्या बोलण्यात मायाच होती. पण त्याचा चेहरा उतरला नाही, तो माझ्याकडे जरा नवलानं बघत म्हणाला, "सर, वाया कसा? मी खेळलोय की."

एवढंच बोलला आणि वाढपाला गेला. गेली कित्येक वर्षं हे वाक्य माझ्या मागं आहे.

आता प्रश्न. जे सुरू झालं आणि पुरं झालं नाही, त्याचं काय होतं? हा माझा एकट्याचा प्रश्न नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हाच विचारतो. एखादा माणूस श्रद्धेनं योगाला लागला आणि मध्येच चळला, शेवटाला पोचलाच नाही, तर तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? तिथं कृष्ण त्याला 'तात' म्हणतो, बापानं लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतो की असा माणूस बुडत नाही. तो पुन्हा चांगल्या घरी जन्मतो आणि जिथं राहिलं होतं तिथून पुढं चालू लागतो. ज्ञानदेव या जागी फार रमले आहेत. ज्याला शहाणपण लहानपणीच येऊन भेटतं, वय वाढायची वाट बघावी लागत नाही, अशा मुलाचं वर्णन त्यांनी तिथं केलं आहे. वाचताना वाटतं, ते स्वतःकडेच बघून लिहीत आहेत.

मी वाढलो तो या उत्तरावर. मान फिरवून मागं बघायची सवय ते पोरगं घेऊनच आलं होतं असं मी वर लिहिलं, तेही याच उत्तराच्या सवयीनं. सोळा वर्षांच्या डंकनला मोठ्यांच्या मैदानात पाहून माझे वडील म्हणाले असते, मागच्या जन्मीचा अभ्यास आहे. हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या उत्तरानं माझं समाधान होत नाही, हे मला त्या चर्चमध्ये बसल्यावर नीट कळलं. त्यात पोराचा हा जन्म मधलं स्टेशन होऊन बसतो. मागून काहीतरी आलं, पुढं काहीतरी होणार, आणि मधे हडर्सफील्डच्या मैदानावरची ती ऑक्टोबरची दुपार नुसती वाट. आपला 'होतकरू' शब्द एका आयुष्यात जे करतो, तेच इथं अनेक जन्मांत होतं. पुरेपण कायम पुढच्या गावाला.

याहून मला गीतेच्याच दुसऱ्या अध्यायातली गोष्ट जवळची वाटते. या वाटेवर जे आरंभलं त्याचा नाश नाही, असं तिथं सांगितलं आहे. याचा अर्थ मी शास्त्री लोकांकडून ऐकला आहे तो पुण्य साठतं असा. माझ्या मास्तरकीच्या बुद्धीला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे घडलं ते न घडलेलं करता येत नाही. देव मला क्षमा करो, पण मला वाटतं, ते त्यालाही करता येत नसावं. अकराव्या मिनिटाला ते पोरगं वळलं. त्यानंतर गुडघा गेला, पैसे वेळेवर आले नाहीत, तो फौंड्रीत गेला. यातल्या कशानंही ते वळणं पुसलं गेलं नाही. म्युनिकच्या चिखलानं डंकनचं पुढचं सगळं नेलं. 177 मधला एकही सामना त्याला नेता आला नाही. ते वळणं कशाची तरी तयारी होतं म्हणून मोलाचं, असं नाही. त्या पोरासाठी ती संध्याकाळ पुरी होती. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

आळंदीचं इथं आठवतंच. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली, तेही एकविसाव्या वर्षी. संत आणि खेळाडू मी एका ओळीत बसवत नाही. ज्ञानदेव स्वतः पायऱ्या उतरून गेले. डंकनला जगायचं होतं, आणि त्यासाठी तो पंधरा दिवस झगडला. हा फरक लहान नाही, आणि मरण गोड करून सांगण्यासाठी तो बुजवणं मला पाप वाटतं. मी फक्त आपलं बोलणं तपासतो आहे. आळंदीला इंद्रायणीच्या काठी उभं राहून आपण कुणी म्हणत नाही, जगले असते तर आणखी काय लिहिलं असतं. एकवीस वर्षांचं आयुष्य आपण तिथं पुरं धरतो, कारण त्यात काय होतं ते आपण वाचलं आहे. मग दुसऱ्या एकवीस वर्षांच्या आयुष्याकडे पाहताना आपण त्यात काय होतं ते आधी का बघत नाही? 'असता'कडे का धावतो?

यावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो त्या गावातच समोर आला. दुसऱ्या दिवशी मुलीनं मला डडलीच्या दफनभूमीत नेलं. तिथं डंकनची कबर आहे. शेजारी त्याची धाकटी बहीण, जी तान्ही असतानाच गेली. त्याच्या अंत्ययात्रेला या गावात पाच हजारांवर माणसं रस्त्यावर उभी होती. त्याचे वडील ग्लॅडस्टन पुढं याच दफनभूमीत माळी म्हणून कामाला लागले. लोकांना वाटायचं, पोराजवळ राहायला आला. ते सांगायचे, तसं नाही, काम बदलायचं होतं आणि फुलांची आवड आहे. आई 2003 पर्यंत जगली. दोन लेकरं झाली, दोन्ही इथं ठेवली, आणि त्यापुढं पंचेचाळीस वर्षं.

त्या माउलीसमोर उभं राहून 'तुझ्या पोराचं आयुष्य पुरं होतं' असं म्हणायची माझी छाती झाली नसती. म्हणूही नये. मी तिथं बराच वेळ हा पेच सोडवत उभा होतो. मुलगी छत्री धरून शेजारी, काही न बोलता. मला एवढंच उमगलं: जग त्या मुलाच्या न झालेल्या सामन्यांसाठी हळहळलं, 1966 साठी हळहळलं. आईचं दुःख त्या सामन्यांसाठी नव्हतं. तिला इंग्लंडचा कप्तान नको होता, पोरगा हवा होता, संध्याकाळी दाराशी सायकल टेकवणारा. तिचं काय गेलं आणि आमचं काय गेलं, यांत गल्लत करून आम्ही तिच्या दुःखाच्या आडोशानं आपली हाव रडतो. तिच्या दुःखाला माझ्याकडे उत्तर नाही. गीतेनंही तिथं फार बोलू नये असं मला वाटतं. पण आमच्या हळहळीला उत्तर आहे, आणि ते एका फौंड्रीतल्या कामगारानं लग्नाच्या मांडवात चार शब्दांत दिलेलं आहे.

आणखी एक माणूस या गोष्टीत आहे, ज्याला मी आजवर कधी विचारात घेतला नव्हता. हेन्री कॉकबर्न. तो जखमी झाला म्हणून डंकनला दार उघडलं, आणि पुढच्याच वर्षी कॉकबर्न युनायटेड सोडून बरी या लहान क्लबात गेला. इंग्लंडकडून 13 सामने खेळलेला, 1948 चा एफए कप जिंकलेल्या संघातला गडी. पुढं होण्यातच सगळं मोल असेल, तर ज्याचं होऊन गेलं त्याच्याकडे काय उरतं? ज्याच्या तापामुळे माझं पोरगं मैदानात उतरलं, तो आमचा जुना हाफ त्या दिवशी पायऱ्यांवर शाल पांघरून बसला होता. अकराव्या मिनिटाला सगळ्यांत आधी तो उठला होता, हे मला आता आठवतं. आपली जागा गेली हे त्याला त्याच क्षणी कळलं असणार, आणि तरी तो उठला. भक्ती म्हणजे काय असं मला उद्या कुणी विचारलं, तर मी त्या शालीतल्या माणसाकडे बोट दाखवीन.

कोल्हापूरला परतल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. मी प्रत्येक मोसमाची वही ठेवायचो: संघ, बदली खेळाडू, गोल, कुणाला कार्ड मिळालं. त्या मोसमाच्या वहीत त्याच्या नावापुढं सहा तारखा होत्या, आणि सहाव्या तारखेनंतर मी लाल पेनानं एक आडवी रेघ ओढून 'संपला' असं लिहिलं होतं. अक्षर माझंच. ती रेघ आणि तो शब्द मी खोडला.

गेल्या रविवारी ती वही घेऊन मी शिरोलीला त्याच्या घरी गेलो. त्यानं ती उंबऱ्यावर बसून वाचली, सहाही सामने, एकेक करून. तिसऱ्या सामन्याच्या ओळीवर थांबला. म्हणाला, "सर, इथं चुकलंय. त्या दिवशी पास मी दिला होता." मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि गोलाच्या रकान्यात, पास देणारा म्हणून, त्याचं नाव लिहिलं.